कुसुमाची मर्यादा

श्रावकाने रोज सकाळी धारावयाच्या चौदा नियमांत 'कुसुम' हा एक नियम आहे. आज किती फुले आणि किती सुगंधी द्रव्ये वापरायची, याची मर्यादा त्यात बांधायची असते. तांबूल, वस्त्र, वाहन यांच्या रांगेत तो सहज उच्चारला जातो आणि बहुतेक घरांत सहज पाळलाही जातो, कारण स्थानकवासी घरात रोज फुले येतातच कोठे? हा नियम कसोटीला लागतो तो घरात लग्न निघाल्यावर. मंडपवाल्याच्या एका कागदावर जितकी फुले लिहिलेली असतात, तितकी त्या घराने आधीच्या पन्नास वर्षांत मिळूनही वापरलेली नसतात.

जळगाव आणि भुसावळ यांच्या मध्ये, राष्ट्रीय महामार्गालगत वसलेले नशिराबाद आता नगरपरिषदेचे गाव झाले आहे. तेथील एका ओसवाल कुटुंबाने मुलीच्या लग्नासाठी वैशाखातला मुहूर्त धरला. मुलगी नशिराबादची, मुलगा पुण्याचा. मुलीकडचे स्थानकवासी, मुलाकडचे मंदिरमार्गी. सोयरीक जुळताना हा भेद कोणी मनात आणला नव्हता. तो पुढे आला फुलांच्या निमित्ताने.

शहरातला एक सजावटकार संगणकावर चित्रे घेऊन आला. मंडपाच्या मागे फुलांची भिंत, प्रवेशद्वारी फुलांची कमान, वधूच्या आगमनासाठी गुलाबपाकळ्यांचा गालिचा, वरमाला पडताच वरून पाकळ्यांचा वर्षाव. चित्रे सुंदर होती, यात शंका नाही. मुलीचे वडील भुसार मालाचे आडते. आयुष्यभर पोती मोजलेला माणूस. त्यांनी साधा प्रश्न विचारला, "यात फुले किती?" सजावटकार हसला. "शेठजी, फुले कोणी मोजत नाही. आमचा भाव फुटावर असतो." शेठजींनी मग कागद पुढे ओढला. झेंडूचे फूल दोन इंचांचे धरले, तर पाच फुटांच्या लडीत ३० फुले बसतात. नुसत्या भिंतीला २०० लडी लागणार होत्या. म्हणजे ६,००० फुले, आणि तीही केवळ भिंतीची.

घरात महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकणारा मुलीचा धाकटा भाऊ होता. त्याने त्यात आणखी एक भर घातली. ज्याला आपण झेंडूचे एक फूल म्हणतो, ते वास्तविक अनेक लहान फुलांचा गुच्छ असतो. शेवंती, ॲस्टर, जरबेरा यांचेही तसेच. आजींनी माळ थांबवून ते ऐकले आणि पुन्हा माळ सुरू केली. वनस्पतिकाय एकेंद्रिय जीव आहे, हे त्यांना नव्याने कोणी सांगायचे नव्हते. बारा व्रते घेतल्यापासून त्यांच्या स्वतःच्या नियमात कुसुम शून्य होते.

यानंतर घरात जे बोलणे झाले ते अशा प्रत्येक घरात होते. काकांचे म्हणणे, खोटी फुले आणावीत. जीवहिंसा नाही आणि खर्चही कमी. वरवर पाहता हा मार्ग निर्दोष वाटतो. पण प्लॅस्टिकचे फूल मंडपातून निघाल्यावर कोठे जाते? चार लग्नांत धूळ खाऊन ते नाल्यात पडते किंवा उकिरड्यावर जळते, आणि तेथेही जीव आहेतच. शिवाय फुलशेती करणाऱ्या शेतकऱ्यांचा बाजार या फुलांनी खाल्ला आहे. त्यांच्यावर बंदी घालावी, ही त्या शेतकऱ्यांची मागणी काही काकुळतीने केलेली नाही, हिशेबाने केलेली आहे. थर्माकोलच्या सजावटीला तर राज्य शासनाने २०१८ सालीच मनाई केली. काका पुढे बोलले नाहीत, पण त्यांना सगळे पटले असेही नाही.

सर्वांत अवघड बाजू मुलीची होती. ती चर्चेत बसली नव्हती. रात्री आजींचे पाय चेपताना ती म्हणाली, "दादी, मला फुलं हवी आहेत. पुण्याहून दोनशे माणसं येणार. मंडप कोरडा दिसला तर ते धर्म म्हणणार नाहीत, कंजुषी म्हणतील."

"नको कोण म्हणतं बेटा? किती, ते सांग."

मुलीला त्यावर उत्तर देता आले नाही. फुले किती हवीत, हे तिला तोवर कोणी विचारलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी आजींनी स्वतः पुण्याला दूरध्वनी लावायला सांगितला. मुलाच्या आजी रोज मंदिरात जाऊन पुष्पपूजा करणाऱ्या. आता त्या फुलांच्या बाजूने बोलतील आणि दोन्ही घरांत अवघडलेपण येईल, या भीतीने सुनेने दूरध्वनी हातात देताना दाराकडे पाहिले. घडले ते निराळेच. पुण्याच्या आजी गालिचा ऐकताच म्हणाल्या, "पाकळ्यांवर पाय? छे! ते आमच्याकडे चालायचे नाही." ज्यांच्या हाती फूल रोज देवाला चढते, त्यांनाच फुलाचे नियम ठाऊक असतात. पूजेचे फूल पायाखाली येऊ नये, त्याची पाकळी तोडू नये, त्याला सुईने विंधू नये. माळ करायची तर दोऱ्याने गाठ देऊन बांधावी. जमिनीवर पडलेले फूल चढवीत नाहीत. मग वरून पाकळ्या उधळण्याचा प्रश्नच कोठे उरला? एकीच्या घरी फूल वर्ज्य आणि दुसरीच्या घरी ते पूजाद्रव्य. तरी दोघींनी सजावटकाराच्या कागदावरची पहिली काट एकाच ओळीवर मारली.

पुण्याच्या आजींनी एकच गोष्ट मागितली. वरमाला ताज्या फुलांच्या असाव्यात आणि त्या बांधलेल्या असाव्यात, ओवलेल्या नव्हेत.

ही अट घेऊन फुलवाला शोधायला निघाले तेव्हा निवड आपोआप होत गेली. मंगल कार्यालयाच्या ठरलेल्या सजावटकाराने सांगितले की तयार लडी रात्रीच्या गाडीने बाहेरून येतात. त्या कशा केलेल्या असतात, हे त्यालाही माहीत नसते. (कार्यालय ठरविताना बाहेरचा फुलवाला चालेल का, हे आधी विचारून घ्यावे. येथे ते विचारले नव्हते आणि परवानगीसाठी दोन फेऱ्या पडल्या.) शहरातला चित्रांचा सजावटकार स्पंजात खोचलेल्या फुलांशिवाय काम करीत नव्हता. शेवटी गावातल्याच बाजारात हार-गजरे विकणाऱ्या एका माळ्याला बोलावणे गेले. त्याच्या घरी आई, पत्नी आणि वहिनी गजरे बांधतात.

तो आला आणि सवयीने ओट्याच्या पायरीवर टेकला. आजींनी त्याला आत बोलावून खुर्ची दिली. दर पर्युषणात त्यांनी अंतगड सूत्र ऐकले आहे आणि त्यातला राजगृहाचा अर्जुनमाळी त्यांना पाठ आहे. पत्नी बंधुमतीसह फुले वेचून यक्षाला वाहणारा तो माळी. पुढे त्याच्या हातून घडलेल्या भीषण हत्या, सुदर्शन शेठ निःशस्त्र समोर उभा राहताच उतरलेला आवेश, भगवान महावीरांजवळ घेतलेली दीक्षा, गोचरीला गेल्यावर लोकांच्या शिव्या आणि मार समभावाने सोसणे, आणि अखेर मोक्ष. आजींनी यातले काही बोलून दाखविले नाही. नातवाला पाणी आणायला सांगितले, एवढेच. फुलांवर पोट भरणाऱ्यांची महाराष्ट्रातली परंपरा तशी लहान नाही. महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. पुण्यात पेशव्यांना फुले पुरविण्याच्या कामावरून ते 'फुले' झाले.

माळ्याने पहिल्यांदा नकारच दिला, आणि त्याची निवड खरे तर तेथेच झाली. "माय, वैशाखात शेवंती मागू नका. आणून देईन, पण ती दोन दिवसांची शिळी असेल आणि इथल्या उन्हात तासाभरात मान टाकील. ऑर्किड मुंबईहून येतं, त्याचा भाव मी लपवणार नाही, पण माझ्याकडून नका घेऊ. आता मोसम मोगऱ्याचा आहे." मोगऱ्याची कळी सकाळी खुडली की संध्याकाळी उमलते, मुहूर्त सकाळचा आणि जेवण सूर्यास्ताआधीचे, म्हणून वरमाला अर्ध्यामुर्ध्या मिटलेल्या कळ्यांच्या दिसतील, हेही त्याने आधीच सांगून टाकले. झेंडूची अडचण वेगळी होती. बाजारात येणारा झेंडू बिनदेठाचा, सुईने ओवण्यापुरता खुडलेला असतो. बांधायचा तर देठ हवा. त्यासाठी शेतकऱ्याला आठवडाभर आधी सांगावे लागेल आणि मजुरी वाढेल, कारण गाठीच्या लडीला ओवलेल्या लडीच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो.

मजुरीवर शेठजींनी सवयीने घासाघीस सुरू केली. आजींनी एकदाच त्यांच्याकडे पाहिले. शेठजींनी घसा साफ केला आणि त्याने सांगितलेला आकडा लिहून घेतला.

मर्यादा ठरली ती अशी: दोन वरमाला, दोन्ही घरच्या स्त्रियांसाठी ५१ गजरे, दाराला एक तोरण आणि मंडपाच्या चार खांबांना प्रत्येकी पाच लडी. गाठीच्या लडीत फुले विरळ बसतात, पाच फुटांत वीसच्या आसपास. म्हणजे खांबांची मिळून ४००. मागची भिंत चुनडीच्या रंगाच्या कापडाची. प्रवेशद्वाराला केळीचे खुंट, तेही घड उतरविलेल्या बागेतले. केळ एकदाच घड देते आणि नंतर तिचे खोड शेतकरी कापतोच. जळगाव जिल्ह्यात अशा खोडांना तोटा नाही. मुलीने कागद दोनदा वाचला. गजऱ्यांवर बोट ठेवून ती म्हणाली, "माझ्या वेणीला पूर्ण लागेल हं." आजींनी ५१ चे ५४ केले.

बयाण्यासोबत एक चिठ्ठी लिहिली गेली. तिच्यात 'अंदाजे' हा शब्द कोठेही नव्हता. फुलांचे नाव आणि संख्या. दोरा सुती, तार व नायलॉन नाही. माल पहाटे साडेपाचला ओल्या कापडात. कार्य संपल्यावर लडी उतरविणे माळ्याकडे. बाकी रक्कम त्याच दिवशी, पंगत उठण्यापूर्वी. उतरविलेली फुले गोशाळेत द्यावीत असे शेठजींच्या मनात होते, पण माळ्यानेच अडविले. फुलांवर फवारणी झालेली असते, ती जनावरापुढे टाकू नयेत. मग दोरा सोडवून ती त्याच्या मळ्यातल्या खतखड्ड्यात जातील, असे ठरले. तार नसल्यामुळे ते शक्यही होते.

लग्नाच्या दिवशी सकाळी नऊलाच ऊन चटके देत होते. झेंडू टिकला. मोगऱ्याच्या वरमालांतल्या काही कळ्या काळवंडल्या. त्या माळ्याच्या आईने मंडपातच बसून, देठ न ओढता, हलकेच बाजूला काढल्या. पुण्याच्या पाहुण्यांतल्या एका मावशींनी भिंत कापडाची का, असे विचारले. उत्तर मुलाच्या आजींनी दिले, आणि ते मारवाडीत असल्यामुळे मंडपात निम्म्यांना कळले नाही.

पंगत उठण्याआधी शेठजी पाकीट घेऊन माळ्याकडे गेले. त्याने चिठ्ठी काढली. शेतकऱ्याकडून देठाची फुले कमी आली होती आणि चौथ्या खांबाला एक लड उणी पडली होती. मंडपात ती कोणाच्या लक्षात आली नव्हती. तिचे पैसे त्याने स्वतःच वजा करून ठेवले होते. शेठजींनी बेरीज तपासली, बाकी मोजून दिली आणि त्याला, त्याच्या आईला आणि वहिनीला पंगतीत बसविले.