ज्याचं गाणं गावभर, तो दुकान झाडत होता

अमेरिकेच्या दक्षिणेला, मिसिसिपी नदी समुद्राला मिळते त्याच्या थोडं अलीकडं, न्यू ऑर्लिन्स नावाचं शहर आहे. माझी भाची तिथं शिकायला होती. तिच्याकडं गेले तेव्हा ती म्हणाली, "मावशी, सगळे पाहुणे जुनं शहर बघतात. मी तुला ट्राममधून एका पियानोवाल्याच्या घरी नेते."

ही ट्राम हिरव्या रंगाची. डबे १९२० च्या दशकातले, बाकं लाकडी. सेंट चार्ल्स नावाच्या रस्त्यावरून ती खडखडत निघाली आणि चौकाचौकातल्या पाट्या वाचून मला गंमत वाटायला लागली. ग्रीक पुराणात कलांच्या नऊ देवी आहेत. या गावानं त्या नऊही देवींची नावं रस्त्यांना दिलीत! त्यातली टर्प्सिकोरी ही नृत्याची देवी. तिच्या रस्त्यावर आम्ही उतरलो. जवळच एक साधं लाकडी घर. हेन्री रोलँड बर्ड शेवटच्या काळात इथं राहत होता. जग त्याला 'प्रोफेसर लाँगहेअर' म्हणतं.

प्रोफेसर म्हणजे कॉलेजातला नव्हे बरं का! न्यू ऑर्लिन्समध्ये चांगल्या पियानोवाल्यालाच प्रोफेसर म्हणायची रीत होती. आणि १९४८ च्या सुमाराला त्याच्या बँडमधल्या सगळ्यांनी केस वाढवले होते, म्हणून लाँगहेअर. पण गंमत ऐका. या लांब केसवाल्याचं सगळ्या अमेरिकेत गाजलेलं गाणं एकच, १९५० चं, आणि ते होतं टकलावर!

त्याचा जन्म १९१८ चा, बोगलूसा गावातला. लहानपणीच तो आईबरोबर न्यू ऑर्लिन्सला आला. घरात पैसा नाही. मग हा पोरगा रस्त्यावर बुटांनी ताल धरून नाचायचा आणि लोक टाकतील ती नाणी गोळा करायचा. पियानो शिकला तो लोकांनी टाकून दिलेल्या मोडक्या पियानोंवर. आता विचार करा, तुमच्या पेटीच्या चार-पाच पट्ट्या वाजतच नसतील तर? तुम्ही पेटी बंद करून ठेवाल. यानं बोटं अशी काही फिरवायला शिकून घेतली, की मुक्या पट्ट्या टाळूनही सूर पुरे पडावेत. वाजवताना उजव्या पायानं तो पियानोच्या लाकडाला लाथा मारायचा. ढोल नव्हता ना, मग पियानोचाच ढोल! मालक लोक वैतागायचे म्हणे. मला तर त्यात तो जुना नाचणारा पोरगाच दिसतो.

डाव्या हातात क्युबाच्या रुंबाची लय, उजव्या हातात भराभर कोसळणारे सूर, आणि वर त्याचा तो फाटका, मध्येच शीळ घालणारा आवाज. १९४९ मध्ये काळ्या लोकांच्या या नव्या संगीताला 'रिदम अँड ब्लूज' हे नाव रूढ झालं. त्याच वर्षी लाँगहेअरनं मार्डी ग्रावरचं गाणं पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केलं. मार्डी ग्रा हा न्यू ऑर्लिन्सचा सगळ्यात मोठा सण. मुखवटे, मिरवणुका, मण्यांच्या माळांची उधळण. १९५९ मध्ये त्यानं ते गाणं पुन्हा नव्यानं गायलं आणि तेव्हापासून दर सणाला ते गावभर वाजत आलंय.

आणि गाणारा? त्याच्या हाती जवळजवळ काहीच आलं नाही. तब्येतीनं दगा दिला. पत्ते खेळून तो दिवस काढायला लागला. १९६० च्या दशकाच्या अखेरीला तो एका रेकॉर्डच्या दुकानात झाडू मारत होता. सणाच्या दिवसांत बाहेर त्याचंच गाणं वाजत असायचं, आणि हा माणूस आत केर काढतोय. भाचीनं हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघी त्या घरासमोर जरा वेळ नुसत्याच उभ्या राहिलो.

गावात तेव्हा नवा संगीत महोत्सव सुरू झाला होता. तो भरवणाऱ्या तरुण मंडळींनी लाँगहेअरला शोधून काढलं. १९७१ चा तो महोत्सव काँगो चौकात होता. हा चौकही साधा नाही. गुलामगिरीच्या काळात आफ्रिकेतून आणलेले लोक रविवारी इथं जमून ढोल वाजवत, नाचत. त्याच मातीवर हा म्हातारा पियानोला बसला. सांगतात, की त्याचं वाजवणं सुरू झालं तसे बाकीच्या मंचांवरचे वादकही आपलं सोडून ऐकायला आले!

संकटं मात्र पाठ सोडेनात. १९७४ मध्ये त्याचं तेव्हाचं घर जळालं. पण १९७५ मध्ये बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीनं आपल्या मेजवानीत वाजवायला त्याला बोलावलं, 'क्वीन मेरी' या प्रचंड मोठ्या जहाजावर. तिथलं वाजवणं नंतर रेकॉर्डवरही आलं.

पुन्हा ट्राम धरून आम्ही नेपोलियन अ‍ॅव्हेन्यूला उतरलो आणि नदीच्या दिशेनं बरंच चाललो. कोपऱ्यावर 'टिपिटीनाज्' आहे. १९५३ च्या त्याच्या एका गाण्यावरून हे नाव पडलं. म्हाताऱ्या लाँगहेअरला वाजवायला हक्काची जागा हवी, म्हणून काही चाहत्यांनी १९७७ मध्ये ती सुरू केली. दारातच त्याचा धातूचा अर्धपुतळा आहे.

तीन वर्षं तो इथं वाजवत राहिला. नवी रेकॉर्ड तयार झाली होती. तीन पिढ्यांच्या तीन पियानोवाल्यांचा एकत्र कार्यक्रम ठरला होता, त्याच्या तालमीही झाल्या होत्या, त्यांचं चित्रण चालू होतं. कार्यक्रमाला दोन दिवस उरले असताना, ३० जानेवारी १९८० ला, तो झोपेतच गेला. वय एकसष्ट. चित्रपट पुरा झाला, पण त्यात कार्यक्रमाच्या ऐवजी त्याची अंत्ययात्रा आहे.

त्या रात्री टिपिटीनाज्मध्ये कुणी तरुण मुलगी पियानोवर होती. गर्दीत बसायला जागा नव्हती, सगळे उभेच. दुसऱ्याच गाण्याला डाव्या हाताची ती रुंब्याची लय सुरू झाली आणि भाचीनं मला कोपरानं ढोसलं, "मावशी, तिचे पाय बघ!"

मी बघितलं. पोरीची टाच पियानोवर आपटत होती.