कुलुपांतलें पुस्तक

शाळामास्तराच्या घरीं पुस्तकांस तोटा नसतो, असा लोकांचा समज आहे. आमचेंही कपाट भरलेलें होतें; पण त्यांत काय होतें तें सांगावयास आज संकोच वाटतो. रघुवंश, अमरकोश, लघुकौमुदी, गीतेवरील दोन-तीन भाष्यें, आणि बक्षीससमारंभांतून मिळालेलीं आत्मोन्नतीचीं डझनभर पुस्तकें. शालान्त परीक्षेपुढें मी गेलों नाहीं. संस्कृत मात्र पाठशाळेंत शास्त्रीबुवांपुढें बसून शिकलों. त्यामुळें जें पाठ करावयाचें नाहीं तें वाचावयाचें तरी कशाला, हा माझा सिद्धान्त! कादंबरी म्हणजे तर निव्वळ रिकामपणचा उद्योग, असें मी चारचौघांत बजावून सांगत असें.

१९९९ सालच्या वार्षिक परीक्षेच्या वेळची गोष्ट. मुलगी नववींत होती. भूमितीच्या पुस्तकाआड ती दुसरेंच कांहीं वाचीत असलेली माझ्या दृष्टीस पडली. मीं तें ओढून घेतलें, नांवही न पाहतां कपाटाच्या खालच्या कप्प्यांत टाकलें आणि कुलूप लावलें. ती रडली नाहीं, पुढें कधीं तिनें तें मागितलेंही नाहीं. मात्र त्यानंतर माझी चाहूल लागली कीं तिचे हात रिकामे असत. हें माझ्या ध्यानांत यावयास फार वर्षें लागलीं. तोंवर ती सासरीं गेली होती.

सेवानिवृत्तीनंतर वाळवी लागली म्हणून कपाट उपसलें, तेव्हां तें पुस्तक हातीं आलें. लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’! कादंबरी नव्हेच, १९३४ सालापासून प्रसिद्ध होऊं लागलेलें, रेव्हरंड टिळकांच्या पत्नीचें आत्मचरित्र. आरंभींच्याच एका पानाचा कोपरा दुमडलेला. उभ्या उभ्याच वाचूं लागलों. सत्तावनच्या धामधुमींत घराण्यावर आलेलें संकट, आणि मग वडिलांच्या डोक्यांत शिरलेलें सोंवळें. त्या सोंवळ्यापायीं सारें घर कसें जेरीस आलें होतें, तें बाई हंसत हंसत सांगतात. कडवटपणाचा लेश नाहीं. मुलीच्या हातून पुस्तक सुटलें होतें तें येथें. मी मटकन खालीं बसलों. आत्मोन्नतीच्या त्या डझनभर ग्रंथांनीं मला पहाटे उठावयास शिकविलें. पण माझ्या पावलांचा आवाज घरांतल्यांस कसा ऐकूं येतो, हें एकानेंही सांगितलें नव्हतें.

पुढें चटकच लागली. नगर वाचनालयांत जाऊन ‘ह्यासारखें आणखी द्या’ म्हटलें, तेव्हां ग्रंथपालांनीं रमाबाई रानड्यांच्या १९१० सालच्या आठवणी पुढें केल्या. त्या संपल्यावर हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’. १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांत क्रमशः आलेली, यमूनें स्वतःच्या तोंडानें सांगितलेली ही कहाणी मीं वर्तमानपत्रांत गुंडाळून घरीं आणली व सौभाग्यवती झोंपल्यावर वाचली. (तिला अर्थात् सर्व ठाऊक होतें. तिनें ती माहेरींच वाचलेली!) सत्तावनची हकीकत पाहावी म्हणून केतकरांच्या ज्ञानकोशाकडे वळलों, त्या तेवीस खंडांपाशीं एक गोष्ट शोधावयास जावें आणि दुपार तिसऱ्याच विषयांत बुडवून यावें, असा आतां नित्यक्रम झाला आहे. इरावतीबाई कर्व्यांच्या ‘युगान्त’नें मात्र माझी झोंप उडविली. महाभारत आपल्याला अवगत आहे असा माझा अभिमान. पण गांधारी, कुंती, द्रौपदी ह्यांच्याकडे मीं माणसें म्हणून कधीं पाहिलेंच नव्हतें. अर्ध्या पानांवर बाईंशीं मनांतल्या मनांत भांडलों. कांहीं भांडणें अजून मिटलेलीं नाहींत.

गेल्या दिवाळींत मुलगी माहेरीं आली. मीं ‘स्मृतिचित्रें’ तिच्यापुढें ठेवलें. क्षमा मागावी असें योजिलें होतें, शब्द फुटेनात. तिनें दुमडलेला कोपरा पाहिला, नखानें सरळ केला आणि म्हणाली, “अण्णा, पानें दुमडूं नयेत असें तुम्हीच सांगत होतां, नाहीं का?”

दुपारीं चहाचा पेला घेऊन मी ओसरीवर आलों, तों ती झोपाळ्यावर वाचीत बसली होती. पुस्तक तिनें खालीं ठेवलें नाहीं. वर न पाहतांच म्हणाली, “तेथेंच ठेवा, एवढें प्रकरण संपवतें.”