पहिला खर्च एसएमपीएसचा

सप्टेंबर २०२१. दिवाळी अंकाची १६० पानं लावून होत आली होती. डोंबिवलीत पाऊस कोसळत होता. दिवे दोनदा मिणमिणले, कॉम्प्युटरमधून ‘टक’ असा आवाज आला आणि जळका वास खोलीभर पसरला.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याने एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, उघडून दाखवला. एक कपॅसिटर फुगून फुटला होता. एसएमपीएस गेला तो मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क सोबत घेऊन. सहा वर्षांपूर्वी कॅबिनेट घेतलं तेव्हा हा त्यातच बसवलेला आला होता. तो कुठल्या कंपनीचा, हे मी कधी विचारलंही नव्हतं. यूपीएसची बॅटरी मरून महिने झाले होते, तिच्याकडेही लक्ष दिलं नव्हतं. मुद्रितशोधकांनी लाल शाईने तपासलेली प्रुफं हाताशी होती म्हणून निभावलं. बहिणीचा लॅपटॉप आणला आणि सगळा मजकूर पुन्हा टाइप केला. अंक वेळेवर निघाला, पण त्या रात्री मी विसरलेले नाही.

त्याच हंगामाच्या कमाईतले चाळीस हजार नव्या कॉम्प्युटरसाठी बाजूला काढले. भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, “मावशी, आधी ग्राफिक्स कार्ड ठरवू.” मी म्हटलं, “आधी काम ठरवू.” माझं काम म्हणजे पानं लावणं, फोटो साफ करणं, शे-दीडशे पानांची पीडीएफ काढणं. त्याला वेगळं कार्ड लागत नाही. शिवाय तेव्हा कार्डांचे भाव आभाळाला भिडले होते. चिपांचा तुटवडा होता आणि क्रिप्टोचं मायनिंग करणारे कार्डं ढिगाने उचलत होते.

म्हणून रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर ठरला. सहा कोर, बारा थ्रेड, वीज बेताची, ग्राफिक्स आतच आणि डब्यात पंखाही. फक्त अशा प्रोसेसरच्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच घेतं. त्यामुळे १६ जीबीची एकच पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घेतल्या, की माहितीची ये-जा दोन वाटांनी होते. हे भाच्याने समजावलं आणि मला पटलं.

जानेवारीत आम्ही दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोड गाठला. चार दुकानांतून कोटेशनं घेतली. दोन ठिकाणी काचेचं, आत रंगीत दिवे असलेलं कॅबिनेट पुढे केलं. “मॅडम, एसएमपीएस यातच येतो, वेगळा कशाला घेता?” मी हललेच नाही. तिसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी काउंटरवर दोन एसएमपीएस ठेवले, दोन्हींवर ४५० वॉट लिहिलेलं. “हातात घ्या,” म्हणाले. एक रिकाम्या डब्यासारखा हलका. दुसऱ्याने मनगट खाली गेलं. “तांबं, हीटसिंक, फिल्टर या सगळ्याचं वजन असतं हे. विजेत गडबड झाली तर हा स्वतः बंद पडतो, बाकीच्यांना नेत नाही.” त्यावर ८० प्लस ब्राँझ असा शिक्का होता. माझ्या यंत्राला एवढे वॉट लागणार नव्हते, पण यादीतली पहिली खूण मी त्यापुढेच केली.

मग बाकीचं. प्रोसेसर १५,५००. रॅमसाठी चार खाचा असलेला बी४५० मदरबोर्ड ७,५००. जुन्या साठ्यातल्या अशा बोर्डाला हा प्रोसेसर ओळखता येत नाही, म्हणून बायोस अपडेट दुकानातच समोर करून घेतलं. रॅम ५,२००, पाचशे जीबीची एनव्हीएमई एसएसडी ४,०००, एसएमपीएस ३,६००, साधं पत्र्याचं कॅबिनेट २,४००. एकूण ३८,२००. बिल नको असेल तर थोडं कमी करू, असं एकाने सुचवलं होतं. आम्ही पक्कं बिलच घेतलं, कारण वॉरंटी त्या कागदावर उभी असते. उरलेल्या पैशांत यूपीएसला नवी बॅटरी आणली.

असेंबल घरीच केलं, जेवणाच्या टेबलावर. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो, तसाच सॉकेटवर. खटका उचलायचा, त्रिकोण जुळवायचे आणि प्रोसेसर नुसता ठेवायचा. खाली १,३३१ पिना, केसासारख्या. जरा दाबलं तर वाकतील. नीट ठेवला की तो स्वतःच्या वजनानेच आत बसतो. तो बसला तेव्हा मी श्वास रोखून धरला होता. रॅमचं मात्र उलट, दोन्ही टोकांना ‘खट’ वाजेपर्यंत अंगठ्याने दाबावं लागतं. पहिल्यांदा स्क्रीनवर काहीच आलं नाही, कारण एक पट्टी अर्धवट बसली होती. पुन्हा दाबली आणि अक्षरं उमटली.

वर्षभराने रॅमचे भाव उतरले, तेव्हा आणखी दोन पट्ट्या आणल्या. खाचा रिकाम्या ठेवल्या होत्याच. पैसे कमी असले की मी आता एवढंच पाहते: नंतर काय वाढवता येईल आणि कशाला नंतर हात लावता येणार नाही. वाढवता येईल ते थांबू शकतं.

गेल्या पावसाळ्यात पुन्हा दिवे मिणमिणले. यूपीएसने शिट्टी दिली. माझा हात आपोआप फाइल सेव्ह करायला गेला. समोरचं पान तसंच होतं, शेवटच्या ओळीतल्या काना-मात्रेसकट.