अहो, तिकिटं धडाधड खाली आली!

हे असं करता येतं? आणि आजवर मला कोणी सांगितलंच नाही?

आधीच सांगून टाकते, संगणकातलं मला ओ की ठो कळत नाही. भडगावात ठिबक आणि मोटारीचे स्टार्टर विकणाऱ्या एका दुकानात मी तक्रारी बघते, एवढीच माझी विद्या. पावतीवरचा क्यूआर कोड मोबाइलवर धरला की फॉर्म उघडतो, शेतकरी तक्रार लिहितो आणि फ्रेशडेस्कमध्ये तिचं तिकीट होतं. तेच फ्रेशडेस्क, गिरीश मातृभूतम आणि शान कृष्णसामींनी २०१० मध्ये चेन्नईत सुरू केलेलं, ज्याची कंपनी २०२१ मध्ये थेट अमेरिकेच्या नॅस्डॅकवर गेली!

तर मालकांना सगळ्या जुन्या तक्रारी एका फाइलीत हव्या होत्या. मी एकेक तिकीट उघडून वहीत उतरवायला बसणार, तेवढ्यात जळगावला शिकणारी भाची म्हणाली, ‘‘मावशी, एपीआय वापर ना!’’

एपीआय! म्हणजे काय, तर दुकानाला पुढे काउंटर असतो आणि मागे गोदामाचं दार, तसं ते मागचं दार. आपली स्क्रिप्ट तिथं जाऊन उभी राहते आणि थेट माल मागते. दाराला चावी लागते, आणि ती चावी कुठे असते? आपल्याच प्रोफाइलमध्ये! ही लांबलचक चावी नाव म्हणून द्यायची, आणि पासवर्ड? काहीही! नुसता एक्स टाकला तरी चालतो! मी तर हसतच सुटले!

आणि मग पायथनची एका पानात मावेल एवढी स्क्रिप्ट, तिनं पहिलं पान मागितलं, एका पानावर जास्तीत जास्त १०० तिकिटं, आणि मग दुसरं पान, आणि मग तिसरं, आणि मग रिकामं पान हाती येईपर्यंत ती आपली मागतच राहिली आणि मी खुर्चीवरून उठून उभीच राहिले! बरं, नुसती यादी मागितली तर गेल्या ३० दिवसांत तयार झालेलीच तिकिटं मिळतात. त्यामागची हवी असतील तर ‘या तारखेपासून बदललेली दे’ असं सांगायचं. सांगितलं की देतं! आणि फार भराभर मागितलं तर पलीकडून ४२९ असा आकडा येतो, वर किती सेकंद थांबायचं तेही कळवतात! किती ही सभ्यता! आमच्या बाजाराच्या दिवशीच्या गर्दीला हे कोणी शिकवेल का?

तिकिटाची अवस्थासुद्धा आकड्यात. २ म्हणजे उघडं, ३ ताटकळलेलं, ४ सुटलेलं, ५ बंद. १ नाहीच! मोजणी दोनापासून!

फाइल करताना भाचीनं ‘यूटीएफ-८-सिग’ असं काहीतरी लिहायला लावलं. त्यानं एक्सेलला कळतं की आत कोणती अक्षरं आहेत. उघडली, आणि बघा! ‘मोटर चालूच व्हत नही, काय करू आते?’ आपली अहिराणी, काना-मात्रेसकट, ओळीखाली ओळ!

आता जरा जवळ या, खरी गंमत पुढेच आहे. प्रत्येक वेळेच्या शेवटी एक झेड होता. भाची म्हणाली, ही जागतिक वेळ, हिच्यात साडेपाच तास मिळव. मिळवले. रात्री साडेआठचं तिकीट झालं पहाटे दोनचं! आणि असं एक नाही, ओळीनं! अहो, शेतीच्या फीडरला थ्री-फेज वीज पाळीनं मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात माणूस अंधारात बांधावर उभा, मोटार उचलत नाही, आणि तिथूनच तो मोबाइलवर तक्रार लिहितोय! पडद्यावर एकेक तिकीट बघताना हे कधी नजरेत भरलंच नव्हतं. फाइलीत तासांप्रमाणे लावलं आणि लख्ख दिसलं! मी मालकांना म्हटलं, आपला मेकॅनिक सकाळी दहाला येऊन काय उपयोग?

आणि अजून संपलेलं नाही बरं! तिकिटाखाली झालेली बोलणी या यादीत येतच नाहीत, प्रत्येक तिकिटाचा नंबर देऊन ती वेगळी मागावी लागतात. म्हणजे आणखी एक फेरी! तुमच्याकडेही असं काही असेल तर तुमची चावी शोधून ठेवा, पण कोणाला दाखवू नका हं, मलासुद्धा नाही! मी चालले, स्क्रिप्ट ४२९ वर थांबलीय, सुरू होईल एवढ्यात!