खडूची बोट

जुलै २०१९ मध्ये उल्हास नदी आमच्या तळमजल्याच्या खिडकीशी येऊन टेकली. बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारभर प्रवाशांसकट पाण्यात अडकली, तोच तो पूर. २००५ नंतर दुसऱ्यांदा फ्रिज गेला आणि आम्ही त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड हलवलं. त्यामुळे निवृत्तीनंतर मी बोटीत राहायचं म्हटलं तेव्हा ही एवढंच म्हणाली, "अहो, पाण्याला कंटाळूनच वर आलो ना आपण?"

माझी नोकरी अंबरनाथच्या एमआयडीसीत मोटारी दुरुस्त करण्यात गेली. डिझेलचा वास आणि धडधड आयुष्यभराची झाली. म्हणून बोट घ्यायची तर सौर विजेचीच. नोव्हेंबर ते मे, मांडव्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत, या खाडीतून त्या खाडीत, अगदी सावकाश.

सावकाश हा शब्द मी आधी हौसेनं वापरला होता. वहीत आकडे मांडल्यावर कळलं की ती सक्तीच आहे. पाण्यात वेग दुप्पट करायचा तर ताकद ढोबळमानानं आठपट लागते. माझ्या डोक्यात ३५-३६ फुटांची, दोन सांगाड्यांची बोट होती. पाच नॉटला सहा किलोवॉट धरले. मांडवा ते मुरूड सुमारे ३० सागरी मैल, म्हणजे सहा तास आणि ३६ युनिट. तेच अंतर आठ नॉटनं कापायचं तर पावणेचार तासांत नव्वदच्या वर युनिट! छपरावर सात किलोवॉटचे पॅनेल बसले तर हिवाळ्यातल्या स्वच्छ दिवशी तीसेक युनिट मिळणार. एका बोटवाल्यानं माहितीपत्रकात याच आकाराच्या छपरावर दहा किलोवॉट दाखवले होते. मी कागदाचे तुकडे कापून मांडून पाहिले, सातच बसले. उरलेले तीन बहुधा समुद्रात तरंगत न्यायचे असावेत.

वैकमला जाऊन 'आदित्य'मध्ये बसून आलो. केरळच्या जलवाहतूक खात्याची ही सौर फेरी जानेवारी २०१७ पासून वैकम-तवणक्कडव अशी जाते-येते. ७५ माणसं, छपरावर २० किलोवॉटचे पॅनेल. धक्का सुटला कधी ते कळलंच नाही. नुसता पाण्याचा चुळचुळ आवाज, शेजारच्या बाईच्या पिशवीतली मासळी आणि कोणीतरी फोनवर बोलणारं. मोटारीतला माणूस असून मी कान लावून मोटार शोधत होतो. पण ते वेंबनाडचं शांत पाणी. आपल्याकडे पहाटे मतलई वारे असेपर्यंत समुद्र बरा असतो, दुपारी खारे वारे सुटले की लाटा उठतात. दक्षिणेला जाताना वायव्येचा वारा पाठीशी असतो, येताना तोच तोंडावर, आणि युनिटांचा हिशेब कोलमडतो. म्हणून ४० युनिटांची बॅटरी हवीच. तिचं वजन तीनशे किलोच्या घरात, तेही खाली आणि मधोमध ठेवायचं.

एवढं झाल्यावर मी गच्चीवर खडूनं बोट आखली, ११ मीटर लांब, साडेपाच मीटर रुंद. ही आत शिरली, रेषेवरून अंदाज घेत चालली आणि म्हणाली, "ओटा एवढासा? कुकर कुठे ठेवू? आणि भांडी घासायला गोडं पाणी किती?" माझ्या वहीत मोटारीचं पानच्या पान होतं, पण कुकरची ओळसुद्धा नव्हती. मग महिनाभर रोज रात्री घरचा मीटर वाचला. फ्रिज, पंखे, इंडक्शन, पंप मिळून आठ युनिट. एसी लावला की हा आकडा जवळपास दुप्पट. तेव्हा ठरलं, एसी फक्त खाडीत नांगर टाकल्यावर, आणि बोट निवडायची ती ओट्यापासून. मोटार चार किलोवॉटनं छोटी झाली तरी चालेल. मुरूडला संध्याकाळी पोहोचू.

बिछान्यासाठी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात गेलो. पायाकडे निमुळती गादी मागितली, तर दुकानदार म्हणाला, "साईं, पायांना काय झालं?" बोटीच्या टोकाकडे जागा आवळत जाते हे त्याला समजावताना त्यानं मला चहा पाजला.

पावसाळ्याचा प्रश्न हिनंच काढला. जून-जुलैत कोळीही होड्या वर ओढून शाकारतात. आपली बोटही तशी झाकून ठेवायची आणि पावसाळ्यात बदलापूरला परतायचं, म्हणजे नेमकं उल्हासला पूर येतो तेव्हा. "बोट कोरड्यावर आणि आपण पाण्यात," ती म्हणाली. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दोन ठिकाणांहून नवे अंदाज मागवले आहेत, दोघांनाही ओट्याचं माप आधी कळवलंय. खडूच्या रेषा अजून आहेत. परवा वर गेलो तर दुसऱ्या मजल्यावरची सून बोटीच्या मधोमध प्लास्टिक अंथरून पापड घालत होती. मला बघून म्हणाली, "काका, काकूंना विचारलंय मी. त्या म्हणाल्या हॉलमध्ये घाल, स्वयंपाकघरात नको."