टाळ, पेटी की पखवाज?

आमच्या क्लायंटच्या टीममध्ये टेनेसीचा एक जण आहे. आठवडाभर डेटाबेस सांभाळतो आणि शनिवारी मित्रांबरोबर बँजो वाजवतो. त्याच्यामुळे मला ब्लूग्रास हा प्रकार कळला. केंटकीच्या बिल मन्रोचा 'ब्लू ग्रास बॉईज' हा बँड, 1945 च्या अखेरीस त्यात आलेला अर्ल स्क्रग्ज, आणि त्याचा तीन बोटांनी वाजवलेला बँजो... तिथून हे संगीत आजच्या रूपात आलं. फिडल, बँजो, मँडोलिन, गिटार आणि माणसाएवढा उंच बास. ड्रम नाहीत. मँडोलिनवाला तारा दाबून 'चक् चक्' करतो, तोच ठेका. सगळे गोल करून उभे राहतात, एक जण गाणं आणि पट्टी सांगतो, मग आळीपाळीने प्रत्येकाला वाजवायला मिळतं.

मी म्हटलं, अरे, हे तर आमचं भजन! त्याने लगेच आपलं दुखणं सांगितलं. नवा माणूस आला की गिटारच घेऊन येतो. कधी आठ गिटारी होतात आणि बास एकही नसतो.

हे ऐकलं आणि मला थेट आमचा गावचा मारुतीचा पार दिसला. तेरा टाळ, दोन पेट्या, एक पखवाज.

माझं गाव परभणी जिल्ह्यात, गंगाखेड तालुक्यात. गंगाखेड म्हणजे गोदाकाठचं जनाबाईचं गाव. आषाढीच्या आधी शेगावची गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड करत परळीकडे जाते. पांढऱ्या कपड्यातल्या टाळकऱ्यांच्या रांगा, शेकडो हात एकाच वेळी वर... शिस्त बघायची असेल तर ती बघा. आमचं मंडळ त्या मानाने अगदीच घरगुती. एकादशीला भजन आणि वर्षातून एकदा सप्ताह. पखवाज माझे चुलत आजोबा वाजवतात, त्यांना सगळं गाव आबाच म्हणतं. मागे त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा लागोपाठ दोन एकादशांना भजनच झालं नाही. गळे होते, टाळ होते, पखवाज खुंटीला होता. तासभर गप्पा मारून लोक घरी गेले.

मला मंडळात वाजवायचं होतं ते या काळात. आणि माझी आवड पेटी, हे आधीच सांगून टाकतो.

पुण्यात पेटी शिकणं सोपं आहे. पेठेत गल्लोगल्ली क्लास, नाहीतर यूट्यूब आहेच. ती फ्लॅटमध्ये बसून वाजवता येते, शेजारी तक्रार करत नाहीत, आणि दोन महिन्यांत घरच्यांना एखादा अभंग ऐकवता येतो. सुशिक्षित मुलगा गावी परतला की पेटीच धरतो ती यामुळे. पण तिचे सूर पक्के बांधलेले. म्हणून तर 1940 पासून 1971 पर्यंत आकाशवाणीने तिला बाहेर ठेवलं होतं. शास्त्रीय गाण्यातला तो वाद मोठा आहे, असो. भजनाची अडचण साधी आहे. दोन पेट्या थोड्या जरी वेगळ्या लागल्या तरी सबंध रात्र कानाशी डास गुणगुणल्यासारखं होतं. आमच्याकडे दोन आहेत. तिसरी मी नेली असती तर आठ गिटारींत नववी!

टाळाला लोक कमी लेखतात. माझं उलट मत आहे, कुणालाही भजनात यायचं असेल तर त्याने टाळ घ्यावा. काशाची जोडी, दोरीने बांधलेली. घेताना दोन्ही टाळ एका सुराचे आहेत का आणि नाद किती वेळ टिकतो, एवढं ऐकायचं. बोटं शिकवावी लागत नाहीत, पण लय उघडी पडते. अभंग दुगणीत गेला की तेरापैकी चार टाळ पुढे पळतात, मग पखवाजवाल्याची त्यांना आवरताना दमछाक होते.

वीणेत वाजवण्यापेक्षा उभं राहणं जास्त. तारा छेडत राहायचं, सूर धरून ठेवायचा. सप्ताहात ती सात दिवस खाली ठेवत नाहीत, या खांद्यावरून त्या खांद्यावर जाते. मी हिशोब केला. सात दिवसांचे 168 तास, दोन-दोन तासांचे पहारे धरले तर 84. रात्री दोन ते चारच्या पहाऱ्याला आता माणसं शोधावी लागतात, कारण माझ्या वयाचे सगळे पुण्यात, नाहीतर चाकणच्या कंपन्यांत. आमचा ऑन-कॉलचा तक्ता यापुढे काहीच नाही :-)

राहिला पखवाज. जड, खर्चिक आणि हट्टी. उजवीकडे शाई, डावीकडे धुमा. धुम्याला दर वेळी ओली कणीक लावायची. कणीक कमी-जास्त झाली की आवाज बदलतो, वाळली की पुन्हा. उजवी बाजू हातोडीने गट्टे ठोकून गाणाऱ्याच्या पट्टीला आणायची. हल्ली वादीऐवजी नटबोल्टचे पखवाज मिळतात, पाना फिरवला की झालं. जाणकार नाकं मुरडतात. मी नटबोल्टचाच घेतला. पुण्याची हवा वेगळी, गावची वेगळी, आणि पनवेल-नांदेड गाडीत वरच्या बर्थवर ठेवून नेल्यावर वादीचा पखवाज कुठल्या सुरात उतरेल ते सांगता येत नाही.

आळंदीला जोग महाराजांनी 1917 मध्ये वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे शिकलेला एक तरुण मला रविवारी शिकवतो. तेवीस वर्षांचा आहे. मी त्याला 'महाराज' म्हणतो, तो मला 'दादा' म्हणतो, आणि चूक झाली की दोघंही हसत नाही. पहिले तीन महिने त्याने पखवाजाला हात लावू दिला नाही. नुसते बोल म्हणायचे, हाताने मात्रा मोजायच्या. आठ मात्रांचा भजनी ठेका कंपनीच्या बसमध्ये बसून हजार वेळा पुटपुटलो असेन. फ्लॅटवर सराव दुपारीच, खिडक्या लावून. इतर वेळी मांडीवर उशी घेऊन.

गावी पहिल्यांदा आबांपुढे बसलो तेव्हा त्यांनी दोन आवर्तनं ऐकली आणि म्हणाले, "वाजवायलास का पोळ्या लाटायलास? धुम्यावर हात मोकळा पडू दे की."

गेल्या सप्ताहात तिसऱ्या रात्रीचा जागर मला मिळाला. आबा बाजूला टाळ घेऊन बसले होते. शेवटच्या अभंगाला टाळकरी पळू लागले, तेव्हा आबांनी नुसता आपला टाळ थोडा मोठा केला. बघता बघता सगळे परत आले. चाळीस वर्षं पखवाजावर बसलेल्या माणसाच्या हातात टाळ असला की काय होतं, ते मी अगदी जवळून पाहिलं.

तरी हिशोब जुळत नाही. वर्षात एकादशा चोवीस, त्यातल्या मला फार तर पाच-सहा साधतात. मंगळवारी एकादशी आली की इकडे रिलीज असतो. आबांचा उजवा खांदा आता डोक्याच्या वर जात नाही. मी त्यांना म्हटलं, आबा, बाकीच्या अठरांचं काय? त्यांनी ते आधीच बघून ठेवलं होतं. नववीतला एक मुलगा आहे, शाळा सुटली की पारावर येऊन बसतो. पखवाज त्याला अजून दिलेला नाही. आधी एक वर्ष टाळ, म्हणाले.