पंक्तिप्रपंच

पाल म्हटले की मराठी माणसाच्या अंगावर काटा येतो. ती चुकचुकली की कामात विघ्न, अंगावर पडली की पंचांग उघडायचे. आणि मनात नुसती शंका आली तरी तिला नाव पुन्हा बिचाऱ्या पालीचेच! अशा घरात वाढलेल्या मला साठी उलटल्यावर पालींचे पान वाढावे लागेल, असे कुणी सांगितले असते तर मी त्याला वेड्यात काढले असते. पण मुलीचे बिऱ्हाड अमेरिकेत आणि नात हौशी, म्हणजे काय काय करावे लागेल याचा नेम नाही.

२०२४ च्या जूनमध्ये मी न्यू जर्सीला गेले, तेव्हा नातीच्या खोलीत काचेची एक पेटी होती आणि तीत दोन पाली. लेपर्ड गेको हे त्यांचे नाव. अंगावर बिबट्यासारखे ठिपके असतात म्हणून. मूळ मुलूख मात्र आपल्याच बाजूचा: अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारत. त्यांची एक चुलत बहीण महाराष्ट्रात नि गुजरातेत रानात राहते. ती रानातच बरी. आपल्या भिंतीवरच्या पालीला मिटायला पापण्या नसतात, ती जिभेने डोळे पुसते; हिला मात्र चांगल्या मिटणाऱ्या पापण्या. पायाच्या बोटांना चिकटपणा नसल्यामुळे काचेवर चढण्याची विद्या मात्र हिच्याजवळ नाही. आणि शेपटी चांगली जाडजूड, कारण अडीअडचणीसाठी लागणारी चरबी तीत साठवलेली असते. जुन्या बायका फडताळाच्या मागे पैशाचे गाडगे ठेवत, तशातलाच प्रकार! नातीने ठेवलेली इंग्रजी नावे माझ्या जिभेला वळेनात, म्हणून मी थोरलीला ठकी आणि धाकटीला चिंगी म्हणू लागले.

त्यांचे जेवण एक दिवसाआड, संध्याकाळी. जेवण म्हणजे जिवंत रातकिडे. त्यांना आदल्या दिवशी गाजर खाऊ घालायचे, म्हणजे ते सत्त्व पालीच्या पोटात जाते. जन्मभर कांदेनवमीपलीकडे पाप न केलेली मी, रातकिड्यांसाठी गाजर किसत बसले! मग ते किडे चुन्याच्या सत्त्वाच्या पांढऱ्या पुडीत घोळवायचे. पिठीसाखरेत घोळवलेल्या शंकरपाळ्यांची आठवण यावी अगदी. किडा पालीच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. आणि पेटीची एक बाजू सुमारे ३२ अंश उबदार हवी, कारण उबेशिवाय खाल्लेले पचत नाही.

किडा दिसला की ठकी मांजरासारखी दबा धरी, शेपटीचे टोक हळूहळू हलवी आणि झडप घाली. पाहायला मोठी मौज वाटे. पण किडा चिंगीकडे गेला की ठकीही तिकडेच झेप घेई. एकदा तिने किड्याऐवजी चिंगीच्या पायाचे बोटच पकडले. तेव्हापासून चिंगी जेवणाच्या वेळी आपल्या बिळातून बाहेर येईनाशी झाली. तिची शेपटी बोरूसारखी बारीक दिसू लागली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिचे वजन भरले ३८ ग्रॅम, ठकीचे ६१.

नात रडकुंडीला आली. "आजी, ठकी दुष्ट आहे. तिला आज उपास!" बारा वर्षांच्या मुलीचा न्याय सरळ असतो. पण जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले, की उपासाने ठकी शहाणी होणार नाही, उलट अधिकच अधाशी होईल. या जातीला सोबतीची ओढ नसते. दोघींना दोन घरे द्या, दोन पाने मांडा. घास लांब चिमट्याने द्या, नाहीतर माणसाचे बोट म्हणजे खाऊ असे ती समजेल. उरलेले किडे पेटीत ठेवू नका. रात्री तेच पालीला कुरतडतात.

दुसरी पेटी आली. पहिले सहा दिवस चिंगीने तोंड वळवले. आम्ही दिवा मंद करून, श्वास रोखून बसत होतो. चिमटा पुढे करायचा, थांबायचे, मागे घ्यायचा. आपल्याकडचा आग्रह तिथे उपयोगाचा नव्हता. सातव्या दिवशी तिच्या शेपटीचे टोक हलले. नातीने माझा हात इतका घट्ट धरला, की बांगडी रुतली. टचकन आवाज झाला आणि किडा नाहीसा! ऑक्टोबरात चिंगीचा काटा ४९ वर गेला.

आपल्याकडे पंक्तिप्रपंच हा दोष मानतात. एकाला एक, दुसऱ्याला दुसरे वाढू नये, हे खरेच. पण सगळ्यांपुढे सारखे टाकून वाढप्याने पाठ फिरवली, की ते जो झडप घालतो त्याचे होते. आमच्या वाड्यात चौदा माणसांची पंगत बसे, तेव्हा आई आमटीचे भांडे घेऊन नेहमी शेवटच्या, न बोलणाऱ्या पानापासून सुरुवात करी. माझा एक भाऊ कधी काही मागत नसे. त्याच्या पानात भात संपायच्या आत दुसरी मूद पडलेली असे. धटिंगण भावांना ती कधी रागावली नाही. "भूक आहे त्यांना," एवढेच म्हणे.

चिंगीला काट्यावर ठेवताना एक गोष्ट मात्र मनात आल्यावाचून राहिली नाही. त्या पंगतीत आईचे पान कधी नव्हतेच. सगळ्यांचे झाल्यावर ती चुलीपाशी बसे; भांड्याच्या तळाशी काय उरले आहे, हे पाहायला कुणी मागे थांबत नसे. तिच्या हातातल्या बांगड्या वर्षावर्षाला सैल होत गेल्या. वजन करायला घरात काटा होता. त्यावर गूळ जोखत असत.

हे मी नातीला सांगितले. ती काही बोलली नाही. मुलगी त्या दिवशी तव्यापाशी उभी राहून आम्हांला गरम पोळ्या वाढत होती. नात उठली, आईच्या हातातला उलथणा तिने काढून घेतला आणि म्हणाली, "आज तू आधी बस." पुढच्या दोन पोळ्या चांगल्याच करपल्या. मुलीने त्या तूप लावून, अगदी चवीने खाल्ल्या.